रत्नागिरीचे मत्स्यालय आणि थिबा राजवाडा : लहान मुले व सासूबाई सोबत असताना कसे पाहावे?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मी, यजमान, चौथीतली मुलगी, बालवाडीतला मुलगा आणि सासूबाई असे पाच जण सांगलीहून गाडीने, आंबा घाटातून, तीन दिवसांसाठी रत्नागिरीला जाणार आहोत. मुक्काम भाट्याजवळ ठरला आहे, त्यामुळे समुद्राची चिंता नाही. चिंता आहे ती संग्रहालयांची. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय व संग्रहालय आहे, आणि थिबा राजवाड्यातही संग्रहालय आहे. दोन्ही पाहावीत असे मला वाटते. यजमानांचे म्हणणे असे की मुलांना वाळूत खेळू द्यावे, बरणीतले मासे दाखवण्यात सुट्टी कशाला घालवायची.

त्यांचे अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी दुसऱ्याच एका गावी आम्ही संग्रहालय पाहायला गेलो, तेव्हा तिथला रखवालदार मागून सारखा "पुढे चला, पुढे चला" म्हणत राहिला आणि वीस मिनिटांत आम्ही बाहेर आलो. मुलीला त्यातले आज फक्त फाटकाजवळचे आइस्क्रीम आठवते. शिवाय सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. हे दोन्ही पाहणे खरोखर सार्थकी लागेल का, आणि लागायचे असेल तर कसे पाहावे, हे जाणकारांनी सांगावे. मुलीचाही एक प्रश्न आहे : आपल्या कृष्णेचे पाणी रत्नागिरीच्या समुद्रात येते का?

निवृत्त मास्तर (मिरज)

ताई, जरूर जा. मी शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि झाडगावला मुलांच्या अनेक सहली नेल्या, त्या अनुभवावरून एकच सुचवतो. सगळे पाहण्याचा हट्ट धरू नका, दोनच गोष्टी पाहा, पण त्या याच क्रमाने पाहा.

आधी जिवंत माशांच्या टाक्यांपाशी थांबा आणि मुलांना माशाची शेपटी कशी हलते एवढेच पाहायला सांगा. ती डावीकडून उजवीकडे हलते. त्यानंतर देवमाशाच्या सांगाड्यापाशी या. तो सुमारे ५५ फूट लांबीचा आहे, म्हणजे आपल्या लाल परीच्या दीडपट. बालवाडीतल्या मुलाला फुटांपेक्षा हे माप लवकर कळेल. देवमासा मासा नव्हे, तो फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो, हे मुलीने पुस्तकात वाचलेले असेल. पण त्याची शेपटी वरखाली हलते हे तिला बहुधा ठाऊक नसेल. धावणाऱ्या कुत्र्याची पाठ जशी वरखाली वाकते तशीच याचीही वाकते, कारण त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालणारे सस्तन प्राणी होते आणि समुद्रात गेल्यावरही पाठीच्या कण्याने आपली जुनी सवय सोडली नाही. आता कण्याच्या अगदी टोकाकडे पाहा. मणके लहान लहान होत जातात आणि संपतात, चित्रात दिसणारा शेपटीचा तो रुंद पंखा तिथे नसतो. सांगाडा मोडका आहे असे मुलांना वाटते, पण त्या पंख्यात मुळात हाडच नसते. माझ्या प्रत्येक सहलीत हा प्रश्न एखाद्या तरी विद्यार्थ्याने स्वतःहून विचारला आहे, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकू नका, थोडे थांबा.

बरण्यांपाशी मात्र लहान मुलगा कंटाळेल. त्याला बाहेर न्यावे.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे की कृष्णा पूर्वेकडे सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. रत्नागिरीच्या समुद्रात तिचा थेंबही येत नाही.

प्रीतिसंगम (कराड)

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला कराडकर म्हणून नम्र हरकत घेतो. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचा संगम आमच्याच गावात आहे. परंतु तिच्यावरच्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले जाते, त्यावर वीज तयार होते, आणि ते पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून दाभोळला अरबी समुद्रात जाते. तेव्हा एरवी कृष्णेला मिळाले असते असे पाणी रत्नागिरी जिल्ह्याच्या समुद्रात येते, हे मुलीला निःशंक सांगावे.

तुमच्या वाटेवर याहूनही सोपे उदाहरण आहे. आंबा घाटाच्या माथ्यावर पाच मिनिटे गाडी थांबवा. माथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस कडवी नदीतून वारणेत आणि वारणेतून तुमच्या हरिपूरच्या संगमावर कृष्णेत येतो. पश्चिमेला पडलेला पाऊस काजळी नदीतून साखरप्यावरून खाली जातो आणि भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळतो. म्हणजे तुम्ही जिथे मुक्काम करणार आहात तिथेच. खाडीचे मचूळ पाणी, त्यातले मासे आणि मत्स्यालयातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या हे सगळे यानंतर मुलांना एकाच गोष्टीचे भाग वाटतील.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

राजवाड्याबद्दल लिहितो, कारण लोक तिथे छायाचित्रे काढून परततात आणि मला ते खटकते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षे त्याने इतर बंगल्यांत काढली आणि राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला, कारण १९१६ मध्ये तो वारला. त्यामुळे उतरत्या छपरांची आणि अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्यांची ती तिमजली वास्तू पाहताना मुलांना आधी सांगावे की हे वैभव नव्हे, ही नजरकैद आहे. आम्हा सातारकरांना हे समजायला वेळ लागत नाही. आमच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये असेच गादीवरून काढून काशीला पाठवले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. थिबाची राणी आणि राजकन्या १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतल्या, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी टूटू तिथेच वाढली आणि मराठी बोलत संसार केला. मुलीला सनावळीपेक्षा हे अधिक लक्षात राहील.

सासूबाईंना वरच्या मजल्यावर नेण्याचा आग्रह धरू नये. खालचे पाहून त्यांनी आवारात बसावे. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते, तिथे गाडी जाते. सोमवार टाळावा, त्या दिवशी राजवाड्याचे संग्रहालय बंद असते.

विश्रामबागकर (सांगली)

परवा परत आलो. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मास्तरांनी सांगितलेला क्रम पाळला आणि झाडगावला सव्वा तास गेला; यजमान सर्वांत शेवटी बाहेर आले, हे मुद्दाम नोंदवते. पंखा कुठे गेला हा प्रश्न मुलांनी नाही, सासूबाईंनी विचारला. मग त्या बराच वेळ एकेका मणक्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि "यांचीही पाठ दुखत असेल का गं?" असे त्यांनी मला हळूच विचारले.

मुलाला सांगाड्याची भीती वाटली, त्याला पाच मिनिटांत बाहेर न्यावे लागले. राजवाड्यात मुलगी गप्प होती. संध्याकाळी भाट्याच्या वाळूत तिने एक नदी काढली, तिला काजळी म्हटले, आणि दुसरी नदी उलट्या दिशेला काढून ती थेट आमच्या गाडीच्या चाकापर्यंत नेली. गाडी म्हणजे हरिपूर. मास्तरांसाठी तिचा निरोप आहे की कोयनेचे पाणी पाहायला पुढच्या वेळी कुंभार्ली घाटाने जायचे ठरले आहे.