मदत हवी आहे: लेपर्ड गेकोसाठी (पाळीव पाल) पावसाळ्यात मीलवर्मऐवजी (भुंग्याच्या अळ्या) डुबिया झुरळं चालतील का?
पुण्याच्या पावसाळी हवेत मीलवर्म ठेवलेल्या कोंड्यात माइट्स (अगदी बारीक किडे) होतायत. कोंडा फ्रीजरमध्ये ठेवून मगच वापरतो, गाजराचे काप दुसऱ्या दिवशी काढतो, झाकणाला जाळी आहे. तरी तळाशी ओल धरतेच. म्हणून मोठ्या गेकोला मुख्य खाणं डुबिया झुरळं, मीलवर्म अधूनमधून, असा विचार आहे. क्रिकेट्स (रातकिडे) नकोत: रात्री उरले तर गेकोलाच चावतात, वर किरकिर वेगळी. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लहान, आदल्या दिवशी त्याला भरपेट भाज्या, देताना कॅल्शियम पावडर, हे चालूच आहे.

डुबिया ३० अंशांवर ठेवल्या तर दमटपणाने त्यांच्या डब्यातल्या अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्यांना बुरशी येते का? आणि घरी वाढवलेल्या कोणाकडे मिळतील? कोथरूड-कात्रज कुठेही येईन. बागेतले नाकतोडे सुचवू नका, फवारणीची भीती.