कंपाउंडच्या पट्टीत काय लावायचं, जास्वंद की कण्हेर?

सचिव: नमस्कार मंडळी. पेव्हर बसवून झाले. आता रस्त्याकडच्या कंपाउंडलगत ६० फुटांची मातीची पट्टी उरलीय. वळीव दोनदा पडून गेला, मृगाच्या आत खड्डे काढून ठेवावे म्हणतो. माळी विचारतोय, दासवाळ आणू की कणगल? म्हणजे जास्वंद की कण्हेर. रात्रीपर्यंत सांगा.

अ-१०१ आजी: जास्वंदच. संकष्टीला एका लाल फुलासाठी मला शेजारच्यांच्या कंपाउंडात हात घालायला लागतो. ह्या वयात शोभतं काय ते?

अ-२०३: आजी, त्यांच्या कॅमेऱ्यात दिसता ओ तुम्ही 😄

अ-१०१ आजी: दिसू दे की. देवासाठी जाते, चोरीला नाही.

ब-१०२ अण्णा: कण्हेर लावा आणि विसरून जा. हायवेच्या दुभाजकात कोण पाणी घालायला बसलंय? तरी फुलतेच की. आपला नळ सहा दिवसांनी येतो. एप्रिलात जास्वंदीला पाइप धरून कोण उभा राहणार, ते नाव आधी लिहा.

क-३०२ वहिनी: अण्णा, दुभाजकात टँकर येतो. मी डोळ्यांनी बघितलाय.

ब-१०२ अण्णा: येतो, पण कधीतरी. जास्वंद कधीतरीवर भागवून घेत नाही. दुसऱ्याच दिवशी मान टाकते.

क-३०२ वहिनी: ते राहू दे. कण्हेर विषारी असते ना? आमचा धाकटा दिसेल ते तोंडात घालतो. परवा पेव्हरची वाळू खाल्ली.

ब-१०२ अण्णा: आमच्या गावात घरोघरी कण्हेर आहे, कोण मेलं नाही अजून.

ब-२०४ सर: अण्णा, थांबा जरा. वहिनी बरोबर बोलतायत. कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, चीक सगळंच विषारी. लाल, गुलाबी, पांढरी, कुठलीही घ्या. त्यातलं ओलिअँड्रिन नावाचं विष थेट हृदयाच्या ठोक्यावर जातं. लहान मुलाला थोडी पानंसुद्धा जिवावर बेततात. चुकून कुणी खाल्लंच तर घरी उलटी काढत बसू नका, हातात फांदी घेऊन सरळ दवाखाना गाठा, म्हणजे डॉक्टरांना काय ते लगेच कळेल.

पण खरं सांगू का, उभ्या कण्हेरीची मला एवढी भीती नाही. पान कडू, शेळी वास घेऊन पुढं जाते. भीती आहे ती कापल्यानंतरची. आपल्याकडं छाटणी झाली की माळी सगळा पाला कोपऱ्यावर नेऊन टाकतो आणि तिथंच मोकाट गाई उभ्या असतात. पाला वाळला म्हणून विष जात नाही. भुकेली गाय वाळलेल्या गवताबरोबर तेही ओढते. कुणी काटक्या पेटवल्या तर तो धूरही बाधतो. लहान असताना आम्ही शेतात कण्हेरीच्या काटकीला वांगं टोचून भाजायला निघालो होतो, आजोबांनी काटकी हातातनं हिसकावून लांब भिरकावली होती. ते आजही आठवतं.

अ-२०३: वांग्याचं काय झालं?

ब-२०४ सर: बाभळीच्या काटकीवर भाजलं.

सचिव: म्हणजे कण्हेर रद्द?

ब-२०४ सर: तसं नव्हे. जास्वंदीचंही ऐका, तिचे लाड कमी नाहीत. तिकडं शहापूर-वडगावच्या काळ्या मातीत लावलेली जास्वंद पावसाळ्यात बघा, मुळाशी पाणी धरतं आणि पानं पिवळी पडतात. माती चुनखडीची असेल तर शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, लोह मिळत नाही म्हणून. आपली पट्टी लाल मुरमाची, निचरा चांगला, जास्वंदीला ती मानवेल. पण पोषण शून्य. दीड फूट खड्डा, निम्मं शेणखत, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. कण्हेरीला ह्यातलं काही नको. तिला फक्त ऊन पाहिजे, सावलीत नुसती उंच वाढते आणि फुलायचं विसरते.

दुसरं म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंदीच्या शेंड्याला कापूस चिकटल्यासारखं दिसलं की समजायचं. मुंग्या वर-खाली करत असतात, कारण त्या किडीचा गोड चिकटा त्यांना पाहिजे. आजींनी कुंडीत भेंडी लावलीय, तीही जास्वंदीच्याच कुळातली. एकीवर आली की दुसरीवर जायला वेळ लागत नाही. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणपाणी, संध्याकाळी फवारायचं. आठ दिवसांनी परत. एकदा मारून जात नाही.

अ-१०१ आजी: पुंडीपण, म्हणजे अंबाडी, त्याच कुळातली काय?

ब-२०४ सर: होय आजी, पुंडी तर सख्खी बहीण.

अ-१०१ आजी: मग पुंडीच लावा. भाजी तरी होईल.

क-३०२ वहिनी: 😂

अ-१०१ आजी: हसू नका. जास्वंदीची पानं ठेचून केसाला लावून बघा, बुळबुळीत होतात, शिकेकाईची गरज पडत नाही. तुमच्या कण्हेरीचा काय उपयोग?

ब-१०२ अण्णा: महादेवाला वाहतात की. शिवरात्रीला कपिलेश्वराच्या रांगेत बघा, कितीजणांच्या हातात असते. आणि रस्त्याची धूळ अडवते. नुसतं उपयोगाचंच बघायचं झालं तर आपला वॉचमन पहिला काढायला लागेल.

सचिव: कृपया वैयक्तिक नको.

अ-२०३: (हा मेसेज डिलीट केला आहे)

क-३०२ वहिनी: सर, मीटररूमजवळ जुनी कण्हेर आहे ना, तिच्या पानाखाली मुलाला हे सापडलं. फोटो टाकते. चांदीचा मणी लटकावल्यासारखं, त्यात आपलं तोंड दिसतंय अक्षरशः. काय आहे?

ब-२०४ सर: वा! कोष आहे तो, फुलपाखराचा. तपकिरी पंख, कडेनं पांढरे ठिपके, आपल्याकडं पावसाळ्यात भरपूर असतात. त्याची अळी कण्हेरीची पानं खाते, विष अंगात साठवते, मग पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. फांदी तोडू नका, आठ-दहा दिवसांत बाहेर येईल. मुलाला दाखवा, पण हात धुवायला लावा.

ब-१०२ अण्णा: बघा, कण्हेरीच्या बाजूनं एक मत वाढलं.

सचिव: मंडळी, नऊ वाजले.

ब-२०४ सर: माझं म्हणणं असं. गेटकडची २० फूट जास्वंद, नळ तिथंच आहे. चार-चार फुटांवर पाच झाडं. झोपाळ्याच्या बाजूला कण्हेर अजिबात नको, तिथंही जास्वंद. ट्रान्स्फॉर्मरकडच्या टोकाला, जिथं मुलं जात नाहीत आणि पाइप पोचत नाही, तिथं कण्हेर, सहा-सहा फुटांवर तीन पुरे. छाटणी वर्षातून एकदा, थंडी ओसरली की, हातात मोजे घालून. आणि पाला पोत्यात बांधून कचरागाडीत, कोपऱ्यावर नाही. माळ्याला हे मी कन्नडमध्ये दोनदा सांगतो.

क-३०२ वहिनी: ट्रान्स्फॉर्मरच्या टोकाला चालेल. पण तिथं जाळी मारा.

सचिव: जाळीचा खर्च मीटिंगमध्ये घेऊ. बाकी मान्य?

ब-१०२ अण्णा: मान्य. मंगळवार-शुक्रवार पाइप मी धरतो. उरलेले दिवस जास्वंदवाल्यांनी बघा.

अ-१०१ आजी: मी धरते, पण पाइप वरून कुणीतरी सोडून द्या, मला वाकवत नाही. आणि सचिव, माळ्याला नीट सांगा. गेल्या खेपेला लाल सांगितली तर त्यानं डबल पाकळीची गुलाबी आणून लावली. देशी, पाच पाकळ्यांची, रक्तासारखी लाल पाहिजे.

सचिव: फोटो पाठवतो त्याला.

अ-१०१ आजी: फोटो नको. मीच जाते नर्सरीत त्याच्याबरोबर. रिक्षाचे पैसे सोसायटीचे.