बघितलं तरच पकड राहते, मान वळली की सुटते

डिचोलीकर:
बाबांना माघात झटका आला, डावी बाजू गेली होती. आता चालतात, हातही बराच सुधारलाय. रोज सकाळी पेजेचा टोप दोन्ही कान धरून तेच उतरवतात. नजर टोपावर असली तर काही होत नाही. परवा पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला, बाबांनी मान वळवली आणि डावा कान सुटला. पेज जमिनीवर, थोडी पायावर. वर म्हणतात, "मी सोडला नाही रे, धरलेलाच होता." मला ते खोटं वाटत नाही. पण हातात ताकद नाही म्हणावं, तर बघताना ती येते कुठून? चवथीला गणपती स्वतः ओहळावर न्यायचा हट्ट आहे, म्हणून विचारतो.

फोंड्याची फिजिओ:
बाबा खरंच बोलताहेत. किती जोराने धरलंय हे त्वचा आणि स्नायू मेंदूला कळवतात. झटक्यानंतर ती खबर बऱ्याचदा अर्धवट पोचते, मग डोळे कसर भरून काढतात. नजर हटली की धडधाकट माणसाचाही जोर काही सेकंदांत उतरू लागतो, त्याचं त्याला कळतही नाही. बाबांना तर भरवसा नजरेचाच.
आणखी एक गोम आहे. दोन्ही हातांचा मिळून जोर संगणकाच्या पडद्यावर एकाच रेषेने दाखवला, की ती ठरवून दिलेल्या रेषेशी छान जुळते, कारण चांगला हात दुबळ्याचं ओझं गुपचूप उचलतो. म्हणून स्वयंपाकघरातले दोन वजनकाटे घ्या, एकेका हाताखाली एकेक. दोन्हीकडे ५०० ग्रॅम दाबू दे. जमलं की डाव्या काट्याच्या आकड्यांवर पंचा टाका, पाचपर्यंत मोजा, पंचा काढा. गरम टोप मात्र तूर्त बंद!

पेडण्याची सून:
आधी एक बघा. ताटात डावीकडची भाजी तशीच राहते का? आमच्या सासूबाईंचे डोळे ठणठणीत, पण डाव्या बाजूकडे लक्षच जायचं नाही. तसं असेल तर तो डावा काटा त्यांना दिसणार कसा?

डिचोलीकर:
ताट चाटूनपुसून साफ असतं, ती भीती नाही. शेजारणीचा काटा मागून आणला. आधी नुसतं "दोन्ही मिळून एक किलो दाबा" म्हटलं, तर उजवा ७८०, डावा २२०. बाबा आकड्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हा काटा बिघडलाय." काटे अदलाबदल केले, तरी तेच. आता बघत बघत ५०० धरतात, पंचा टाकला की ३१०वर येतात.
गणपतीच्या पाटाची एक बाजू मी धरायची, इथवर तडजोड झालीय. कुठली बाजू, यावर वाद चालू आहे.