लिस्टच्या क्लासमधल्या प्रॉपर्टीज जेसनमध्ये येत नाहीत, तातडीने मदत हवी

घाईतला_गणू: बिलाचा ऑब्जेक्ट सिरियलाइझ करून, म्हणजे जेसन या मजकुराच्या स्वरूपात बदलून, समोरच्या टीमला पाठवतोय. त्यात ग्राहकाचं नाव, बिल क्रमांक, एकूण रक्कम आहे. डीबगरमध्ये सगळं भरलेलं दिसतं. जेसनमध्ये मात्र नुसते आयटम, बाकीचं गायब. एरर नाही, काही नाही. संध्याकाळी डेमो आहे, लवकर सांगा.

खडीसाखर: भाषा कोणती, लायब्ररी कोणती? क्लासची पहिली ओळ तरी टाका. आम्हाला काय स्वप्न पडणार आहे?

घाईतला_गणू: सी शार्प, अजून काय. क्लास साधाच आहे.

जुनं_खोड: प्रॉपर्टीज पब्लिक आहेत ना? आम्ही सी शार्पमधला जुना बायनरीफॉरमॅटर सिरियलायझर वापरायचो, असली कटकट नव्हती.

खडीसाखर: खोडसाहेब, असुरक्षित म्हणून डॉट नेट ९ मध्ये (सी शार्प ज्यावर चालतं ते) तो काढलाय. आता नुसता एक्सेप्शन फेकतो. आणि यांना जेसन हवंय.

नीटनेटका: नावं कॅमलकेसमध्ये हवी असतील तर नेमिंग पॉलिसी लावा.

खडीसाखर: हे कुणी विचारलं?

घाईतला_गणू: पब्लिक आहेत, गेट-सेट दोन्ही आहे. जेसनसाठी न्यूटनसॉफ्ट लायब्ररी वापरतोय. क्लास लिस्टवरून इनहेरिट केलाय, म्हणजे बिल स्वतःच एक लिस्ट आहे, पण त्याने काय होतं?

खडीसाखर: त्यानेच तर झालंय! लिस्ट दिसली की न्यूटनसॉफ्ट चौकटी कंस उघडून ॲरे, म्हणजे नुसती आयटमची यादी, लिहितो. त्यात ग्राहकाचं नाव कुठे बसवणार? एक्सएमएलसिरियलायझरही तेच करतो.

शॉर्टकट_शाम: क्लासच्या डोक्यावर जेसनऑब्जेक्ट ॲट्रिब्यूट लावा, झालं काम. मी कायम हेच करतो.

घाईतला_गणू: लावलं. नाव-क्रमांक आले, आता आयटम गेले! वर कपॅसिटी ४, काउंट ३ असं काहीतरी आलंय.

खडीसाखर: येणारच. ऑब्जेक्ट म्हणून लिहिताना तो पब्लिक प्रॉपर्टीज बघतो, आयटम लिस्टच्या पोटात प्रायव्हेट. शाम, तुमचे आयटम कसे येतात?

शॉर्टकट_शाम: मी त्यांच्यासाठी वेगळी प्रॉपर्टी केलीय. सांगायचं राहिलं.

जावावाली_काकू: आमच्याकडे जावात ॲरेलिस्ट एक्स्टेंड (म्हणजे इनहेरिटच) केली की जॅक्सन लायब्ररीही ॲरेच काढते. इनहेरिट करूच नका, बिलाच्या आत आयटमची लिस्ट ठेवा.

घाईतला_गणू: काकू, ४० ठिकाणी बिल.ॲड लिहिलंय हो!

जावावाली_काकू: मग ॲड नावाची मेथड लिहा आणि आतल्या लिस्टकडे ढकला. बाकी कोडला हात लावायला नको.

खडीसाखर: फक्त बिलावर फॉरईच लूप चालावा या मोहात क्लासला आयइन्युमरेबल इंटरफेस लावू नका, पुन्हा ॲरे होईल.

जुनं_खोड: डेमोच्या दिवशी क्लास बदलणारे आम्ही पाहिले नव्हते.

घाईतला_गणू: केलं! जेसन बरोबर आलं. पण समोरची टीम म्हणते, वाचताना लिस्ट रिकामी. आतल्या लिस्टच्या प्रॉपर्टीला मी फक्त गेट ठेवलंय.

खडीसाखर: ते सिस्टिम.टेक्स्ट.जेसन, म्हणजे डॉट नेटमधलाच जेसन सिरियलायझर, वापरत असतील. न्यूटनसॉफ्ट आहे ती लिस्ट भरतो, हा नुसतं गेट असलं की सोडून देतो. सेट द्या, किंवा त्यांच्याकडे डॉट नेट ८ असेल तर पॉप्युलेटचा, म्हणजे आहे तीच लिस्ट भरण्याचा, पर्याय लावायला सांगा.

घाईतला_गणू: विचारतो. फोन उचलत नाहीयेत.