एलेरॉनला हिंज कोणते लावू, सीए की पिनवाले?

कृष्णाकाठ_आरसी (सांगली):
नमस्कार मंडळी, रिमोटवर उडणारं मॉडेल विमान करतोय, बाल्साचा (हलक्या लाकडाचा) हाय विंग ट्रेनर (पंख वर असलेलं, शिकायचं विमान), विंगस्पॅन दीड मीटर, इलेक्ट्रिक. फ्रेम झाली, आता एलेरॉन, एलेव्हेटर, रडर (पंखाचे आणि शेपटीचे हलते भाग) जोडायचेत. सीए हिंज (सीए म्हणजे सुपरग्लूनं चिकटवायचे बिजागर) हातात घेतले तर कापडाच्या पट्टीएवढे पातळ, त्यांच्या भरवशावर विमान सोडायला मन धजत नाही. पिनवाले घेऊ का? आणि हिंज कव्हरिंगच्या (वरून फिल्म चढवायच्या) आधी चिकटवायचे की नंतर?

अजिंक्यतारा (सातारा):
भावा या साइजला सीए हिंज बास झाले, बिनधास्त लाव. ताकद पट्टीची नसते, सीए तिच्यातनं लाकडात मुरतो त्याची असते. म्हणून सीए पाण्यासारखा पातळच पाहिजे, जाड टाकलास तर तोंडाशीच बसतो. स्लॉट (हिंजसाठीची चीर) आणि बेव्हल (कडेचा उतार) आधी करून घे, सगळं कोरडं जुळवून बघ, मग कव्हरिंग, आणि मग स्लॉटवरची फिल्म ब्लेडनं कापून हिंज. स्लॉटच्या मधोमध दीड-दोन मिमीचं भोक आत पाड, त्यातनं सीए टोकापर्यंत जातो, हे बरेच जण टाळतात आणि तिथंच हिंज सुटतो. मधे टाचणी टोचली की पट्टी निम्मी इकडं निम्मी तिकडं राहते, एलेरॉन बसला की टाचणी काढायची. मग दोन्ही बाजूंनी थेंब थेंब सोड, घाई नको. किकर (सीए झटक्यात वाळवणारा स्प्रे) अजिबात मारायचा नाही, आत मुरायच्या आधीच घट्ट होतो. वाळल्यावर प्रत्येक हिंज जोर लावून ओढून बघ, निघायचा असेल तर हातात निघू दे.

कराडकर_बाल्सा:
वरच्याशी सहमत. पिनवाले मोठ्या, जड विमानाला. त्याला 30 मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी गोंद, सांध्याला व्हॅसलिन चोपडायचं म्हणजे तिथं गोंद धरत नाही, आणि सगळ्या पिना एका रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर एलेरॉन अडकतो आणि सर्व्होवर (एलेरॉन हलवणाऱ्या मोटरवर) लोड येतो.
मला खरी काळजी पंख आणि एलेरॉनमधल्या फटीची वाटते. कागद सरकेल इतपतच ठेव. फट मोठी राहिली की एलेरॉनचा असर कमी होतो, आणि त्यात लिंकेज (सर्व्होपासून एलेरॉनपर्यंतची जोडणी) ढिलं असेल तर डाइव्हमध्ये फ्लटर (एलेरॉनची जोरात फडफड) सुरू होतो, मग हिंज कुठलाही असो टिकत नाही. आपल्याकडं वारा किती असतो ते साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघूनच कळतं, तेव्हा खालून पारदर्शक टेप मारून फट बंदच कर.

मिरज_फोमी:
मधेच विचारतो, डेप्रॉनला (फोमच्या शीटला) पण हेच चालतं का?

अजिंक्यतारा (सातारा):
नाही रे, साधा सीए डेप्रॉन खातो. कड 45 अंशात तास आणि टेपचा हिंज कर.

कृष्णाकाठ_आरसी (सांगली):
लई भारी माहिती दिलीत, सीए हिंजच मागवतो. एक राहिलं, माझे एलेरॉन पट्टीवाले (पंखाच्या कडेनं लांब) आहेत, मधे टॉर्क रॉड (एलेरॉन फिरवणारी वाकवलेली तार) आहे, तो कधी बसवायचा?

कराडकर_बाल्सा:
टॉर्क रॉडची नळी आधी विंगला चिकटव, नळीच्या तोंडाला व्हॅसलिन लाव म्हणजे गोंद आत जात नाही. रॉडचं वाकडं टोक एलेरॉनच्या भोकात इपॉक्सीनं, आणि ते ओलं असतानाच हिंज सरकवून एलेरॉन जागेवर बसव. सीए सगळ्यात शेवटी.