कातीव लाकडी कलाकृतींचा संग्रह करायचाय, दिशा कशी ठरवू?

सालपट:
लेथवर (लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर) कातलेले वाडगे, कुंभ, अरुंद तोंडाची पोकळ भांडी यांचं मला प्रचंड वेड आहे. आतापर्यंत जे आवडलं ते घेत गेले, पण आता वाटतंय संग्रहाला काहीतरी सूत्र हवं, मग लाकडावरून ठरवू की आकारावरून की कलाकारावरून? आणि अजून एक, एक वाडगा घेतला तेव्हा छान गोल होता, आता वरून बघितला की चक्क लंबगोल दिसतोय. मला फसवलं की काय?

रानगाठ:
फसवलं वगैरे नाही हो, ओल्या लाकडातून कातलाय तो. लाकूड सुकताना वर्षवलयांच्या अंगाने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडच्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं, मग गोल भांडं लंबगोल होणारच. बरेच कलाकार हे मुद्दाम होऊ देतात, भिंत पातळ आणि सगळीकडे सारखी ठेवतात म्हणजे ते न तडकता वाकतं. मला तर असे वाकलेले काठच जास्त आवडतात. बघायचं ते चिरेकडे, काठावरून खाली केसासारखी रेघ उतरलीय का? आणि बुडात वलयांचा मधला ठिपका, म्हणजे गाभा, आलाय का, कारण चीर बऱ्याचदा तिथूनच निघते.

कातीव:
माझं मत कलाकारावरून. एकाच माणसाची वेगवेगळ्या काळातली कामं शेजारी ठेवली की त्याचा हात कसा बदलत गेला ते दिसतं, ते शंभर सुट्या वाडग्यांत नाही दिसत. घेताना डोळे मिटून अंगठा आत, बोटं बाहेर धरून काठापासून बुडापर्यंत फिरवा, भिंत मध्येच जाड झाली तर लगेच कळतं. मग तिरका उजेड पाडून आत बघा, वाडग्यात समोरासमोर दोन जागी तंतू उभे कापले जातात, उपटलेले तंतू आणि सँडपेपरचे ओरखडे राहिले असतील तर तिथेच. शेवटी उलटा करा, बूडसुद्धा मनापासून केलंय का ते बघा, सही, वर्ष, लाकडाचं नाव असेल तर फोटो काढून बिलासोबत ठेवा.
आणि नजर तयार करायला या कलेतल्या मोठ्या कलाकारांची कामं बघत राहा. जेम्स प्रेस्टिनीचे अतिशय पातळ वाडगे, एड मोल्थ्रोपची अवाढव्य भांडी, आणि डेव्हिड एल्सवर्थ, जो छोट्याशा तोंडातून वाकडी हत्यारं आत घालून, आत काहीही दिसत नसताना, भांडं पोकळ करतो!! अमेरिकेत फिलाडेल्फियात तर लाकडी कलेचंच म्युझियम आहे.

रानगाठ:
ठेवायची जागा पण सांभाळा. पर्पलहार्ट लाकडाचा जांभळा आणि पदौक लाकडाचा लालभडक रंग उन्हात तपकिरी होत जातो, अक्रोड उलट फिकट पडतं. खिडकी, हीटर, एसीचा झोत टाळा. भांड्याखाली बारीक पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागलीय, लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.

सालपट:
गाभा नाहीये, चीर पण नाही, हुश्श! पण चमक थोडी उतरलीय, खाण्याचं तेल लावलं तर चालेल?

कातीव:
अजिबात नको, ते नीट सुकत नाही, चिकट होतं आणि खवट वास धरतं. आधी कशाने फिनिश केलंय ते कलाकाराला विचारा, तोवर नुसतं कोरडं मऊ फडकं.