कायक होतं, पण रूळही लागले

"प्रोटेस्टंट शिस्तीने युरोप श्रीमंत झाला, आपल्याकडे तसा धर्मच नव्हता," हे वाक्य सोलापुरात बसून वाचताना हसू आलं. बाराव्या शतकात लिंगायत संत बसवण्णांनी 'कायक', म्हणजे श्रम हीच पूजा, सांगितली. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी तर भक्तांना घेऊन तळं खोदलं, अशी इथली परंपरा. तरी 'जुनी मिल' ही इथली कापडगिरणी निघाली १८७७ साली, रेल्वे आल्यावर!

मला वाटतं, धर्म कष्टापेक्षा ओळखीपाळखी जास्त पुरवतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांना मार्कंडेयाच्या देवळाभोवती आपली भाषा, आपली माणसं मिळाली. नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा आमच्या गल्लीतले यंत्रमाग गप्प असतात, मालक-कामगार दोघंही रथापुढे. दुसऱ्या दिवशी खडखडाट आणि मजुरीची वादावादी, दोन्ही पुन्हा चालू.